सेफ्टी हार्नेस: माप नक्की कोणाचं?

उंच इमारतीवर काम करणाऱ्या माणसाच्या अंगावर पट्ट्यांचं जे जाळं दिसतं, त्याला आपण सरसकट ‘सेफ्टी बेल्ट’ म्हणतो. पण बेल्ट वेगळा आणि हार्नेस वेगळा.

बेल्ट म्हणजे नुसता कमरेचा पट्टा. माणूस पडला, दोर ताणला गेला, की सगळा हिसका पोटावर आणि कण्यावर. माणूस मधोमध दुमडतो, आतल्या अवयवांना इजा होते, कधी पट्ट्यातून निसटतोही. वर्षानुवर्षं हेच चालू होतं. शेवटी अमेरिकेतल्या ‘ओशा’ या कामगार-सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेने १ जानेवारी १९९८ पासून पडणाऱ्याला झेलण्यासाठी असा बेल्ट वापरायला बंदी घातली. मग पूर्ण अंगाचा हार्नेस सक्तीचा झाला. खांद्यांवरून, छातीवरून, मांड्यांभोवती पट्टे, आणि दोर अडकवायची कडी पाठीवर, खांद्यांच्या मधोमध. हिसका अंगभर वाटला जातो.

झालं, सुटला प्रश्न? कुठलं काय! हिसका वाटला जायचा, तर पट्टे जागच्या जागी बसायला हवेत. छातीचा पट्टा ढिला असेल तर पडताना तो सरकून गळ्याशी येतो. मांड्यांचे पट्टे काचत असतील तर लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साचतं. म्हणजे पडताना वाचलेला माणूस सुटकेची वाट बघता बघता बेशुद्ध पडू शकतो. दोर तुटला नाही, कडी निसटली नाही, तरीही.

आणि माप कसं निवडायचं? तर उंची आणि वजनाचा तक्ता बघून. आता बघा, ७० किलोची दोन माणसं घ्या. एकाचं वजन खांद्यांत, दुसरीचं मांड्यांत. तक्त्याच्या लेखी दोघं एकच!

खरं तर हा धडा आधीच मिळाला होता. १९५० च्या सुमारास अमेरिकी हवाई दलाने ४,०६३ वैमानिकांची मापं घेतली. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण अधिकाऱ्याने त्यातली दहा मापं निवडून पाहिली. दहाही मापांत ‘सरासरी’ ठरणारा वैमानिक किती निघाले? शून्य. मग विमानांतल्या खुर्च्या पुढेमागे सरकू लागल्या. बांधकाम मजुराकडे मात्र कोणी टेप घेऊन गेलं नाही.

गेलं ते पन्नासेक वर्षांनी. ‘नायोश’ या अमेरिकी संशोधन संस्थेत हाँगवे सियाओ आणि सहकाऱ्यांनी ९८ जणांना हार्नेस घालून उभं केलं, मग टांगूनही पाहिलं, आणि त्रिमितीय स्कॅन घेतले. अभ्यास २००३ साली छापून आला. त्यातल्या ४० टक्के लोकांना हार्नेस नीट बसतच नव्हता! बायकांच्या धडासाठी वेगळी बांधणी हवी, हेही या कामातून पुढे आलं.

आणि नियम? साधन कामगाराच्या अंगाला नीट बसलंच पाहिजे, हे ओशाच्या बांधकामाच्या नियमात स्पष्ट लिहिलं गेलं डिसेंबर २०२४ मध्ये. कारखान्यांच्या नियमांत ते आधीपासून होतं. मला तरी हा उशीर पटत नाही.

आपल्याकडे तर आणखी एक गाठ आहे, साडी. बांधकामावरच्या कित्येक बायका साडीवर शर्ट चढवून घमेली वाहतात. गोल साडीवर मांड्यांचे पट्टे बांधणार कसे? काष्ट्याची नऊवारी असती तर एक वेळ जमलंही असतं.