आगगाडीत मिळालेले पुस्तक

नागपूरहून राजनांदगावकडे जाणारी आगगाडी वैनगंगेचा पूल ओलांडून तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा अशी स्टेशने घेत दरेकशाच्या डोंगरात शिरते. आमच्या जिल्ह्यातून गेलेल्या याच लोहमार्गावरच्या एका प्रवासाने मराठीतील एका थोर कवीचे आयुष्य पालटले. ते कवी म्हणजे नारायण वामन टिळक.

१८९३ च्या सुमारास टिळक नोकरीच्या शोधात राजनांदगावला निघाले, तेव्हा त्यांनी तिशी ओलांडली होती. जन्म १८६१ चा, कोकणातील करजगावचा. आई लहानपणीच गेली. नाशकास त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. नागपुरास अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ग्रंथांचे काम केले, ‘ऋषी’ नावाचे मासिक चालविले; परंतु पाय कोठे स्थिरावला नाही. जातिभेदाने पोखरलेला आपला समाज उभा कसा राहणार, ही एक चिंता. आणि उद्या घरची चूल कशी पेटणार, ही दुसरी.

डब्यात एक गोरा सहप्रवासी भेटला. संस्कृत काव्यावरून बोलणे निघाले ते धर्मावर गेले. निरोप घेताना त्याने बायबलातील नव्या कराराची प्रत टिळकांच्या हाती ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते पटले नाही; पण वाचण्याचे वचन दिले होते, म्हणून पुस्तक उघडले. ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनापाशी मात्र ते खिळून राहिले. उद्याच्या अन्नवस्त्राची काळजी वाहणाऱ्या माणसाला आकाशातील पाखरे नि रानातील फुले दाखविणारा, वैऱ्यावरही प्रेम करायला सांगणारा तो उपदेश! १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

कथा येथे संपली असती, तर ती एका माणसाला मिळालेल्या समाधानाची कथा झाली असती. पण वाचकहो, ज्या दिवशी टिळकांना शांती लाभली, त्याच दिवशी त्यांच्या पत्नीची शांती हरपली. लक्ष्मीबाईंच्या पदरी लहानगा दत्तू होता. नवरा हयात असून संसार मोडलेला, आणि सांत्वनाला येणारेही जखमेवर बोट ठेवूनच जाणारे. पुढची काही वर्षे त्यांनी जलालपूर, पंढरपूर येथे आप्तांच्या आधाराने काढली.

अखेर त्या अहमदनगरला पतीकडे आल्या, त्या आपले सोवळे घेऊनच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. बाईंनी आपल्याच मनाशी वाद घातला : जाती देवाने केल्या की माणसांनी? उत्तर मिळाले, त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा त्यांनी निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० मधला. पतीला जे पुस्तकाने दिले, ते पत्नीने दुःखातून वाट काढीत मिळविले. आणि दोघांत तिचा रस्ता अधिक खडतर होता, असे मला वाटते.

धर्म बदलला तरी या दांपत्याने भाषा, भजन आणि कीर्तन सोडले नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे टिळक म्हणत. त्यांनी रचलेली भजने मराठी ख्रिस्ती मंदिरांत आजही गायिली जातात. त्यांच्या नगरच्या बिऱ्हाडी बालकवींसारखा तरुण घरच्यासारखा राहिला. शांत झालेल्या मनाची खूण हीच, की त्याच्या घरात दुसऱ्यालाही जागा होते.

आजही घराघरांत काळजी आहे. मुलाची नोकरी, शेतातले पीक, दूर कोठे पेटलेले युद्ध. दिवाळीचा फराळ हातात असतानाही मन आतून धास्तावलेले असते. टिळकांच्या घरीही दारिद्र्य होतेच. श्रद्धेने त्यांची चिंता उडवून लावली नाही. चिंतेसकट काम करण्याचे बळ दिले.

टिळक ९ मे १९१९ रोजी वारले. ख्रिस्तचरित्रपर ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या हातून अपुरेच राहिले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाई ते पुढे लिहीत बसल्या. ‘स्मृतिचित्रे’ही याच वैधव्यातले. १९३६ मध्ये त्यांनी डोळे मिटले, तेव्हा पतीच्या त्या काव्याला त्यांनी चौसष्ट अध्याय जोडले होते.