मामाचा न्यूटन

गेल्या महिन्यात मामीने कपाटातून एक जाडजूड टॅब्लेट काढून माझ्या हातात ठेवला. "तुझं कॉम्प्युटरचंच काम ना? यातलं ह्यांचं काही निघतंय का बघ."

ॲपलचा न्यूटन मेसेजपॅड २१००. चार पेन्सिल सेल घातले आणि हिरवट स्क्रीन जागा झाला.

न्यूटन १९९३ साली आला. पेनाने लिहिलेलं तो सुरुवातीला इतकं चुकीचं वाचायचा, की टीव्हीवरही त्याची टिंगल झाली. २७ फेब्रुवारी १९९८ रोजी ॲपलने तो बंद केला. पण त्याच्यासाठीच ॲपलने एआरएम कंपनीत पैसे घातले होते. तुमच्या फोनमधली चिप बहुधा त्याच घराण्यातली आहे.

यूएसबी त्याच्या गावीही नाही. त्याच्या खास पोर्टला ॲडॅप्टर, त्याला सिरियल केबल, पुढे यूएसबी कन्व्हर्टर, अशी वरात लॅपटॉपपर्यंत पोहोचली. पलीकडचा प्रोग्रॅम हौशी मंडळींनी लिहिलेला. घड्याळही त्यांनीच वाचवलं. न्यूटन १९९३ पासूनचे सेकंद मोजतो आणि ५ जानेवारी २०१० ला त्याचे आकडे संपले. कंपनीने हात झटकून बारा वर्षं होत आली होती; पॅच लिहिला तो वापरणाऱ्यानेच.

मामाच्या इंग्रजी नोंदी लॅपटॉपवर आल्या: पत्ते, हिशेब. देवनागरी मात्र न्यूटनला वाचता येत नाही. म्हणून मराठी नोंदी त्याने टाइपात बदलल्या नाहीत. पेनाच्या रेघा जशाच्या तशा ठेवल्या.

त्या मामीने स्क्रीनवरच वाचल्या. "ह्यांचंच अक्षर," ती म्हणाली.

मी फोन काढला आणि एकेका पानाचा फोटो घेतला.