भोक बारीक, दोरा लांब

वागळे इस्टेटच्या कडेला, किसननगर-श्रीनगर भागातल्या जुन्या घरांत पाण्याच्या तांब्यावर जाळीचा रुमाल असे. गोल कापलेली जाळी, कडेला क्रोशाची वेल आणि वेलीच्या टोकाटोकाला एकेक मणी. तो मणी नुसत्या शोभेचा नव्हे. पंखा लावला की हलकी जाळी उडते, ती मण्यांच्या वजनाने बसून राहते. इंग्लंडमध्ये दुधाच्या जगवर हीच झाकणं असत.

काचेचा मणी आपल्याला जुनाच. नेवासे, कोल्हापूरची ब्रह्मपुरी इथल्या उत्खननांत तो सापडला आणि मोरेश्वर दीक्षितांनी 1969 साली भारतीय काचेच्या इतिहासावर इंग्रजीत अख्खा ग्रंथ लिहिला. पण तो मणी मुख्यतः गळ्यातला. भरतकामाला मणी बारीक लागतो, एकसारखा लागतो आणि हजारांनी लागतो. 19व्या शतकात तसा माल जगभर पुरवला तो मुख्यतः व्हेनिसने.

तिथली रीत बघण्यासारखी होती. तापलेल्या काचेच्या गोळ्यात हवेची पोकळी ठेवायची, दोन्ही बाजूंना सळई चिकटवायची आणि दोन माणसांनी विरुद्ध दिशांना धावत सुटायचं. काच ताणली जाते, पण मधली पोकळी टिकते; मण्याचं भोक ते हेच. मग नळीचे तुकडे करायचे आणि धारदार कडा गोल व्हाव्यात म्हणून ते भट्टीत घोळवायचे. हे पुरुषांचं काम. तयार मणी दोऱ्यात ओवायचं काम मात्र बायकांकडे. मांडीवर लाकडी परडी, हातात पंख्यासारख्या पसरलेल्या लांब सुया, आणि मजुरी लडीवर. मणी ओवणाऱ्या या बायकांना चित्रकार सार्जंटने 1880च्या सुमारास रंगवलं. आमच्या भागात कुणी मजुरीचं काम घरी करायला घेतलं की मला तीच परडी दिसते.

हा माल व्यापाऱ्यांच्या हातून काठेवाडात पोचला आणि तिथे मोतीभरत फुललं. नाव भरत असलं तरी यात मणी कापडावर टाचत नाहीत. सुईने मण्याला मणी गुंफत जाळी विणायची आणि मागाहून तिला अस्तर लावायचं. आपलं मण्यांचं तोरण माझ्या मते याच घराण्यातलं.

मराठी माणसाने काच केली नाही असं नाही. तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना 1908 साली निघाला, कऱ्हाडजवळ ओगल्यांचा 1916 साली. दिव्याच्या चिमण्या झाल्या, प्रभाकर कंदील झाला. भरतकामाचा बारीक मणी मात्र व्हेनिसचा नाहीतर बोहेमियातला, बाहेरचाच राहिला. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले तेव्हा ते जाणवलं.

पुढे आला प्लॅस्टिकचा मणी. 1 ऑगस्ट 1962 रोजी एमआयडीसी स्थापन झाली, आणि वागळे इस्टेट ही तिची पहिल्या वसाहतींपैकी एक. इथल्या गाळ्यांत लेथ आले, तशी प्लॅस्टिक ओतणारी यंत्रंही आली. मणी इथेच बनत असा माझा दावा नाही, पण प्लॅस्टिक घरोघरी गेलं ते याच काळात. त्याच्याबरोबर नायलॉनचा तंगूस आला, आणि खरा फरक त्याने पाडला. तंगूस ताठ असतो, त्याला सुई लागत नाही. एकच तुकडा घ्यायचा आणि त्याची दोन्ही टोकं एका मण्यातून समोरासमोर काढून ओढायची; चौकोन आवळून उभा राहतो. सुती दोऱ्याने हे साधत नाही, तो मऊ पडतो. म्हणून सपाट जाळीतून एकदम ससे, पोपट, फळांच्या परड्या, गणपती उभे राहिले आणि रुखवताच्या टेबलावर जाऊन बसले. त्या सशांना हसणाऱ्यांनी एक कान तरी विणून पाहावा. मणी कुठे वाढवायचा आणि कुठे गाळायचा हे चुकलं, तर कान वाकडा होतो आणि पार तिथपर्यंत उसवावं लागतं.

मणीकामाची दुसरी शाखा आरीची, आणि ती पुरुषांची. आकड्याच्या सुईने साखळी टाका घालायचं हे काम कच्छच्या मोच्यांनी नावारूपाला आणलं. फ्रान्समध्ये ल्युनव्हिल इथेही आकड्यानेच मणी टाचतात, पण कापड उलटं ताणून. मणी खालच्या अंगाला आणि कारागिराच्या नजरेआड. आपला कारागीर सुलटीकडून टाचतो, त्याला प्रत्येक मणी दिसतो.

गेल्या काही वर्षांत पैठणीवरच्या ब्लाउजांनी ही आरी बायकांच्या हाती दिली. ठाणे-डोंबिवलीत तिचे क्लास चालतात, आणि तंगूसवर हात बसलेल्या बायका तिथे लवकर पुढे जातात. दराचा घोळ मात्र दोन्हीकडे तोच. गिऱ्हाईक विचारतं, "मणी कितीचे लागले?" सशाला गेलेल्या तीन संध्याकाळी त्या हिशेबात येत नाहीत. आरीवाल्यांनी निदान बाहीचा दर ठरवून टाकलाय. तोरणवाल्या अजून शेजारणीला भाव सांगायला लाजतात.