लिहिता येणारी तबकडी : सीडी-आर ते ब्लू-रे, आणि बॅकअपचा प्रश्न

तुमच्यापैकी अनेकांच्या लॅपटॉपला आज डिस्क ड्राइव्हच नसेल. मग सीडी आणि बर्नरचा इतिहास कशासाठी वाचायचा? माझा एक अनुभव सांगतो.

२००६ साली मी पदव्युत्तर प्रबंध पूर्ण केला, तेव्हा दोन सीडी लिहिल्या. एकीवर प्रबंध होता. दुसरीवर त्यामागच्या मूळ नोंदी होत्या, सहा महिने रोज संध्याकाळी यंत्राजवळ बसून घेतलेल्या. पहिली डबीत घालून कपाटात ठेवली. दुसरीवर हौसेने कागदी लेबल चिकटवले आणि ती खिडकीजवळच्या टेबलावर राहिली. बारा वर्षांनी एका विद्यार्थिनीला त्या नोंदी हव्या होत्या. पहिली सीडी लगेच उघडली. दुसरी ड्राइव्हमध्ये नुसती फिरत राहिली. प्रयोगशाळेतला संगणक तोवर भंगारात गेलेला होता. आज माझ्याकडे निष्कर्ष आहेत, पण ते ज्यांवर उभे आहेत त्या नोंदी नाहीत.

हे असे का झाले, याचे उत्तर या तंत्रज्ञानाच्या इतिहासात आहे.

१. छापील तबकडी

फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून विकसित केलेली ध्वनी-सीडी १९८२ मध्ये जपानच्या बाजारात आली. तबकडीचा व्यास १२० मिलिमीटर आणि जाडी १.२ मिलिमीटर. पॉलिकार्बोनेट प्लास्टिकवर साच्याने सूक्ष्म खड्डे उमटवायचे आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ थर द्यायचा. ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर खड्डा आणि सपाट जागा यांतला परावर्तनाचा फरक वाचतो. ही पुस्तकासारखी छपाई होती. कारखान्यात एकदा छापले की वाचकाने फक्त वाचायचे.

पुढे संगणकासाठी सीडी-रॉम आली. फाइलींची मांडणी सर्व संगणकांना समजावी म्हणून १९८८ मध्ये आयएसओ ९६६० हे मानक ठरले. पण लेखणी अजून वापरणाऱ्याच्या हाती आली नव्हती.

२. रंगद्रव्याची युक्ती

ती आणली जपानच्या तायो युदेन या कंपनीने. १९८८ मध्ये तिने लिहिता येणारी सीडी दाखवली आणि १९९० च्या ऑरेंज बुक मानकाने तिचे नियम ठरले. इथे खड्डे छापलेले नसतात. प्लास्टिकवर एक सर्पिल खाच असते, तिच्यावर सेंद्रिय रंगद्रव्याचा थर, त्यावर सोने किंवा चांदीचा परावर्तक थर आणि शेवटी लाखेचे आवरण. लिहिताना लेसरची शक्ती वाढते, रंगद्रव्य तापते आणि तेवढ्या जागेचे परावर्तन कायमचे बदलते. वाचणाऱ्या ड्राइव्हला तिथे खड्डाच असल्यासारखे वाटते. म्हणून जुन्या ड्राइव्हमध्येही ही सीडी चालली आणि तिचा प्रसार झाला.

आता या रचनेतली मेख पाहा. तबकडीवर लिहिता येते, कारण तिच्यातले रंगद्रव्य प्रकाशाने आणि उष्णतेने बदलते. पण लिहून झाल्यावर त्याचा हा गुण संपत नाही. उन्हाने आणि उकाड्याने ते सावकाश बदलतच राहते. सायनिन, थॅलोसायनिन आणि ॲझो ही रंगद्रव्यांची तीन मुख्य कुळे. त्यांत सायनिन प्रकाशाला जास्त हळवे, थॅलोसायनिन तुलनेने टिकाऊ.

१९९७ च्या सुमारास आलेल्या सीडी-आरडब्ल्यूमध्ये रंगद्रव्याऐवजी मिश्रधातू असतो. तो स्फटिकरूप आणि अस्फटिक अशा दोन अवस्थांत बदलता येतो, म्हणून साधारण हजार वेळा पुन्हा लिहिता येते. मात्र जे चुकून पुसले जाऊ शकते, ते कायमच्या प्रतीसाठी योग्य नव्हे.

३. बर्नर आणि तबकडीची जोडी

सुरुवातीचे बर्नर मोठ्या संस्थांनाच परवडत. १९९५ च्या सुमारास किंमत हजार डॉलरच्या खाली आली आणि पुढच्या दहा वर्षांत तो घरगुती संगणकाचा भाग झाला.

मूळ वेग, म्हणजे १x, सेकंदाला १५० किलोबाइट. या वेगाने ६५० एमबीची तबकडी भरायला ७४ मिनिटे लागत. लेखन मध्येच थांबवता येत नसे. हार्ड डिस्ककडून माहिती यायला क्षणभर उशीर झाला, बर्नरचा बफर रिकामा पडला, की तबकडी वाया. अशा सीडी बाल्कनीत कबुतरे हाकलायला टांगलेल्या तुम्हीही पाहिल्या असतील. २००० साली सान्योने बर्न-प्रूफ तंत्र आणले. बफर रिकामा होण्याआधीच लेखन थांबवायचे आणि नेमक्या त्याच जागेवरून पुढे सुरू करायचे.

कोऱ्या तबकडीच्या खाचेत उत्पादकाचा संकेत आधीच कोरलेला असतो. बर्नर तो वाचतो आणि त्या तबकडीसाठी लेसरची शक्ती व स्पंदनांचा कालावधी निवडतो. संकेत ओळखीचा नसेल तर सर्वसाधारण पद्धत वापरतो. त्यामुळे उत्तम बर्नरवरही अनोळखी तबकडी वाईट लिहिली जाऊ शकते. जाणकार आधी तबकडी ठरवत आणि मग तिच्यावर नीट लिहिणारा बर्नर शोधत, ते यामुळेच.

४. डीव्हीडी, ब्लू-रे आणि भारतातले कारखाने

डीव्हीडीमध्ये ६५० नॅनोमीटरचा लाल लेसर वापरून ४.७ अब्ज बाइट मावू लागले. लिहिण्याच्या डीव्हीडीत मात्र दोन गट पडले, उणे आणि अधिक. डीव्हीडी-आर १९९७ मध्ये आली, डीव्हीडी+आर २००२ मध्ये. काही वर्षे ग्राहक गोंधळले, शेवटी दोन्ही लिहिणारे बर्नर आले आणि वाद निरर्थक ठरला. पुढच्या पिढीत एचडी डीव्हीडीला हरवून २००८ मध्ये ब्लू-रे टिकली. ४०५ नॅनोमीटरच्या लेसरने तिच्या एका थरात २५ जीबी मावतात.

भारताचाही यात मोठा वाटा आहे. १९८३ मध्ये सुरू झालेल्या मोझर बेअर इंडिया या कंपनीने आधी फ्लॉपी आणि १९९९ पासून सीडी-आर बनवल्या. नोइडा परिसरातल्या कारखान्यांच्या बळावर ती जगातल्या सर्वांत मोठ्या उत्पादकांपैकी एक झाली. पुढे पेनड्राइव्ह आणि इंटरनेटने मागणी आटवली. २०१८ मध्ये तिच्या अवसायनाचा आदेश निघाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनीनेही लिहिता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले.

५. तबकडी अचानक का मरते?

ती अचानक मरत नाही, तसे आपल्याला वाटते. १९६० मध्ये रीड आणि सोलोमन यांनी मांडलेल्या संकेतपद्धतीवर सीडीची त्रुटी-सुधारणा आधारलेली आहे. काही बाइट खराब झाले तरी ड्राइव्ह ते गणिताने भरून काढते आणि आपल्याला फाइल निर्दोष दिसते. आतली झीज वर्षानुवर्षे वाढत असते, पण दिसत नाही. सुधारण्याची मर्यादा ओलांडली, की फाइल एकाएकी उघडेनाशी होते.

दुसरा गैरसमज वरच्या बाजूचा. आपण चकचकीत बाजू जपतो, पण सीडीचा धातूचा थर लेबलच्या बाजूला, लाखेच्या पातळ आवरणाखाली असतो. टोकदार पेन किंवा चिकट लेबल तिथेच घात करते. डीव्हीडीत तो थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्ये सुरक्षित असतो. माझ्या दुसऱ्या सीडीला ऊन आणि गोंद, दोन्ही लाभले होते.

६. आज निवड करताना

तुम्हाला प्रकल्पाच्या नोंदी किंवा घरचे फोटो तबकडीवर ठेवायचे असतील तर एवढे पाहा.

माध्यम : सेंद्रिय रंगद्रव्य टाळायचे असेल तर ब्लू-रे घ्या, पण एलटीएच लिहिलेली नको, तिच्यात रंगद्रव्यच असते. एम-डिस्कमध्येही असेंद्रिय थर असतो. तिचा हजार वर्षांचा दावा उत्पादकाचा आहे, हे मात्र लक्षात ठेवा.

बर्नर : निवडलेल्या तबकडीचा प्रकार तो लिहू शकतो का, हे आधी तपासा. वेग मध्यम ठेवा.

लेखनानंतर : प्रत मूळ फाइलींशी ताडून पाहा. शक्य असल्यास दुसऱ्या ड्राइव्हवरही वाचा.

जतन : डबीत, उभी, थंड, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी. नाव लिहायचे ते मऊ टोकाच्या पाण्याच्या शाईने.

प्रती : तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे, एक प्रत दुसऱ्या गावी.

शेवटचा मुद्दा इंग्लंडमधला. १९८६ मध्ये बीबीसीने लाखो लोकांनी लिहिलेली आपल्या गावांची माहिती लेसर तबकड्यांवर साठवली. सोळा वर्षांत ती वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि ती पुन्हा वाचण्यासाठी संशोधकांना जुन्या संगणकाची नक्कल करणारी प्रणाली रचावी लागली. ज्या पुस्तकाच्या ९०० व्या वर्षानिमित्त हा प्रकल्प झाला, ते १०८६ चे हस्तलिखित मात्र आजही वाचता येते. तेव्हा दर पाच वर्षांनी एक दिवस काढा, जुन्या प्रती उघडून पाहा आणि त्या काळात चालणाऱ्या माध्यमावर उतरवून घ्या. मी २००६ नंतर असा एकही दिवस काढला नव्हता.

स्वाध्याय

१. सीडी-आर लिहिता येते आणि नासते, या दोन्हींमागचे समान कारण स्पष्ट करा.
२. त्रुटी-सुधारणेमुळे तबकडीची झीज का लपते?
३. घरातली किंवा महाविद्यालयातली सर्वांत जुनी लिहिलेली सीडी शोधा. तिच्यावरील किती फाइली उघडतात, याची नोंद करा आणि उघडतात त्यांची आजच दुसरी प्रत करा.