गर्भस्थ हृदय आणि मातेचा मधुमेह : श्रवणाकडून मापनाकडे

हिंदमातेच्या चौकातून परळकडे वळले असता थोड्याच अंतरावर सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय, त्यास जोडलेले के. ई. एम. रुग्णालय आणि नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह ह्या संस्था लागतात. तिन्ही १९२६ सालच्या. गिरणगावातील कामकरी स्त्रियांच्या बाळंतपणाचा प्रश्न त्या काळी सार्वजनिक चर्चेचा विषय झाला होता. मुंबई प्रांताचा १९२९ चा प्रसूतिलाभ कायदा हा हिंदुस्थानातील त्या प्रकारचा पहिला होय.

ह्या संस्था उभ्या राहिल्या त्याच्या चार वर्षे आधी, जानेवारी १९२२ मध्ये, टोरांटो येथे मधुमेही रुग्णास इन्सुलिन प्रथम टोचण्यात आले. तत्पूर्वी मधुमेही स्त्रीस दिवस राहणे विरळाच, आणि राहिलेच तर माता व मूल दोघांच्याही जिवास धोका असे. इन्सुलिनने माता वाचू लागल्या. मुले मात्र तितकीशी वाचेनात. पुष्कळशी अखेरच्या आठवड्यांत उदरातच दगावत. ह्या विसंगतीचा उलगडा कोपनहेगनच्या यॉर्गेन पेडरसन ह्यांनी १९५० नंतरच्या दशकात मांडला. मातेच्या रक्तातील शर्करा वार ओलांडून गर्भाकडे जाते, पण तिचे इन्सुलिन जात नाही; तेव्हा गर्भाचे स्वादुपिंड स्वतःच अधिक इन्सुलिन निर्माण करते. हे इन्सुलिन गर्भावस्थेत वाढीच्या द्रव्यासारखे वागते आणि त्यायोगे मेद वाढतो, तसे हृदयाचे स्नायूही जाडावतात. विशेषेकरून दोन जवनिकांमधला पडदा.

प्रसूतिगृहांतून ह्या हृदयाची पारख कशाने होत असे? कानाने. जिनिव्हाच्या मेयर ह्यांनी १८१८ मध्ये गर्भाचे ठोके ऐकल्याचे नमूद केले आणि पिनार ह्यांचे शिंग १८९५ पासून सुइणींच्या व डॉक्टरांच्या हाती आले. साधन मोठे गुणी. परंतु ते सांगते ती केवळ गती. मिनिटास ११० ते १६० ठोके पडले की हृदय ठीक मानावयाचे. पडदा जाडावलेले आणि नीट शिथिल न होणारे हृदयही मिनिटास १४० ठोके बिनबोभाट देऊ शकते, ही खरी अडचण. मधुमेहात प्रथम बिघडते ते बहुधा आकुंचन नव्हे, तर दोन ठोक्यांमधले शिथिलीकरण. आणि शिथिल होणाऱ्या स्नायूचा आवाज शिंगातून ऐकू येत नाही.

ग्लासगोच्या इयान डोनाल्ड ह्यांनी १९५८ मध्ये ध्वनितरंगांनी गर्भाचे चित्र प्रसिद्ध केले, तेव्हा कानाची जागा डोळ्याने घेण्यास आरंभ झाला. मधुमेही मातांच्या नवजात अर्भकांतील जाड पडद्याचे व रक्तप्रवाहास होणाऱ्या तात्पुरत्या अडथळ्याचे वर्णन १९७६ मध्ये झाले. पुढे डॉप्लर तंत्राने झडपांतून वाहणाऱ्या रक्ताचा वेग मोजता आला, आणि जपानच्या चुवा तेई ह्यांनी १९९५ मध्ये आकुंचन व शिथिलीकरण दोहोंचा मिळून एकच निर्देशांक सुचविला. तो काही वर्षांतच गर्भालाही लावण्यात आला. मधुमेही गर्भवतींत हा आकडा वाढलेला आढळतो, कधी पडदा जाड दिसण्यापूर्वीच. तथापि केवळ तेवढ्यावरून प्रसूतीची वेळ ठरविणे आजही धाडसाचेच.

महाराष्ट्रात ह्या तंत्राचा इतिहास आणखी एका कारणाने गुंतागुंतीचा आहे. गर्भलिंगनिदानावर बंधन घालणारा देशातील पहिला कायदा ह्याच राज्याने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. त्यामुळे गर्भाचे हृदय पाहणाऱ्या यंत्राचीही नोंदणी असावी लागते आणि प्रत्येक तपासणीची नोंद ठेवावी लागते. जाच वाटला तरी तो अनाठायी नव्हे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी दाखविले, की आपल्याकडील अर्भक वजनाने लहान असूनही मेदाने तितके लहान नसते. मधुमेहाचे मूल म्हणजे थोराड मूल, हा पाश्चात्त्य ठोकताळा येथे म्हणूनच अपुरा पडतो. निदान मातेच्या रक्तातच लवकर शोधावे लागते. चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या ह्यांनी पुरस्कारलेल्या आणि केंद्र शासनाने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत घेतलेल्या चाचणीत ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी रक्त तपासतात. १४० मिलिग्रॅम वा अधिक आढळल्यास उपचार. त्यासाठी उपाशीपोटी येण्याची, अर्थात दूरच्या चाळीतून दुसऱ्यांदा खेप घालण्याची, गरज उरत नाही.