जुन्या संगणक कार्यप्रणालींविषयीचे स्मरणरंजन आणि मराठी संगणकीय दस्तऐवज : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
इतिहासलेखनात साधनांना अनन्यसाधारण महत्त्व असते. शिलालेख, ताम्रपट, बखरी, मोडी कागदपत्रे, वृत्तपत्रे व शासकीय दप्तरे या साधनांच्या आधारे महाराष्ट्राच्या इतिहासाची मांडणी झालेली आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत या साधनांमध्ये संगणकीय दस्तऐवजाची भर पडली. कागदावरील मजकूर वाचण्यास लिपीचे ज्ञान पुरेसे ठरते. संगणकीय मजकुराचे तसे नाही. तो ज्या कार्यप्रणालीवर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमवर, ज्या सॉफ्टवेअरमध्ये व ज्या यंत्रावर तयार झाला, त्या सर्वांची साथ असल्याशिवाय तो वाचता येत नाही.

दुसरीकडे, डॉस, विंडोज ९५, विंडोज ९८ आणि विंडोज एक्सपी या मागे पडलेल्या कार्यप्रणालींविषयी जगभर एक विशेष ओढ दिसून येते. जुनी यंत्रे जमविणारे, ती दुरुस्त करून चालती ठेवणारे आणि नव्या संगणकावर जुनी प्रणाली पुन्हा उभी करणारे अनेक अभ्यासक व हौशी लोक आहेत. या ओढीकडे बहुधा छंद म्हणूनच पाहिले जाते. प्रस्तुत शोधनिबंधात या स्मरणरंजनाचा ऐतिहासिक अर्थ तपासून त्याचा मराठी संगणकीय दस्तऐवजांच्या जतनाशी असलेला संबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केलेला आहे.

संशोधनाची उद्दिष्टे :
१. कार्यप्रणाली व हार्डवेअर यांतील स्थित्यंतरांचा थोडक्यात आढावा घेणे.
२. जुन्या कार्यप्रणालींविषयीच्या स्मरणरंजनाचे स्वरूप तपासणे.
३. युनिकोडपूर्व मराठी संगणकीय लेखन जुन्या यंत्रांशी कसे बांधले गेले आहे हे स्पष्ट करणे व त्याच्या जतनाचे मार्ग सुचविणे.

गृहीतक :
जुन्या कार्यप्रणालींविषयीचे स्मरणरंजन योग्य दिशेने वळविल्यास ते इतिहाससाधनांच्या जतनास उपकारक ठरू शकते.

संशोधन पद्धती :
प्रस्तुत शोधनिबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक संशोधन पद्धतीचा अवलंब केलेला असून त्यासाठी दुय्यम साधनांचा आधार घेतलेला आहे.

स्मरणरंजन : संकल्पना :
‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द मुळात वैद्यकशास्त्रातील आहे. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये बाझल येथे सादर केलेल्या प्रबंधात तो घडविला. मायदेशापासून दूर असणाऱ्या स्विस लोकांना जडणारा घरओढीचा आजार, असा त्याचा अर्थ होता. पुढे स्थळाविषयीची ही ओढ काळाविषयीची झाली. स्वेतलाना बॉयम यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द फ्यूचर ऑफ नॉस्टॅल्जिया’ या ग्रंथात स्मरणरंजनाचे दोन प्रकार मानले आहेत. पहिला गेलेली गोष्ट जशीच्या तशी पुन्हा उभी करू पाहतो. दुसरा गेलेल्या काळाचे अंतर मान्य करून त्याविषयी चिंतन करतो. संगणकाच्या संदर्भात हे दोन्ही प्रकार आढळतात. जुने यंत्र पुन्हा चालू करणे हा पहिल्याचा, तर त्या यंत्राने मानवी व्यवहार कसे घडविले याचा विचार करणे हा दुसऱ्याचा आविष्कार म्हणता येईल.

कार्यप्रणाली व हार्डवेअर यांतील स्थित्यंतरे :
आयबीएम कंपनीने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्यात ४.७७ मेगाहर्ट्झ गतीचा इंटेल ८०८८ हा प्रोसेसर होता. त्याच्या मूळ स्वरूपात हार्ड डिस्क नव्हती. कार्यप्रणाली फ्लॉपीवरूनच सुरू करावी लागे. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने पुरविलेली डॉस ही प्रणाली पुढे दीर्घकाळ प्रचलित राहिली. नोव्हेंबर १९८५ मध्ये विंडोजची पहिली आवृत्ती आली. १९९० मधील ३.० व १९९२ मधील ३.१ या आवृत्त्यांनी चित्रमय पडदा रूढ केला, तर २४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या विंडोज ९५ ने संगणकाला घरगुती वस्तूचे रूप दिले. त्यानंतर १९९८ मध्ये विंडोज ९८ आणि ऑक्टोबर २००१ मध्ये विंडोज एक्सपी या प्रणाली आल्या.

प्रत्येक नव्या प्रणालीबरोबर यंत्राची किमान गरज वाढत गेली. विंडोज ९५ साठी ४ मेगाबाइट स्मृती पुरेशी मानली जाई. एक्सपीसाठी हे प्रमाण किमान ६४ मेगाबाइट, तर व्हिस्टासाठी ५१२ मेगाबाइट झाले. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ला किमान ४ गिगाबाइट स्मृती लागते, म्हणजे सव्वीस वर्षांत ही गरज १०२४ पट झाली. शिवाय या प्रणालीने विशिष्ट सुरक्षा-चिपची अट घातल्यामुळे सुस्थितीतील अनेक संगणकही तिच्या कक्षेबाहेर राहिले. यंत्र निकामी होण्यापूर्वीच कालबाह्य ठरण्याची ही प्रक्रिया आहे.

याच काळात जोडणीची साधनेही बदलली. ॲपलने १९९८ मध्ये आणलेल्या आयमॅकमध्ये फ्लॉपीची सोय नव्हती. पुढे इतर संगणकांतूनही ती गेली. सोनी कंपनीने जपानमधील फ्लॉपीची विक्री २०११ मध्ये थांबविली. कार्ड बसविण्याच्या आयएसए पट्ट्या २००० च्या सुमारास, तर प्रिंटरची पॅरलल जोडणी त्यानंतरच्या दशकात नव्या संगणकांतून नाहीशी होत गेली. याचे परिणाम मराठी लेखनावर कसे झाले हे पुढे पाहावयाचे आहे.

ओढीचे स्वरूप आणि तिच्या मर्यादा :
जुन्या प्रणालींच्या आठवणी प्रामुख्याने दृश्य, ध्वनी आणि स्पर्श यांच्याशी निगडित आहेत. डॉसच्या काळ्या पडद्यावर लुकलुकणारी खूण, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची करकर, ब्रायन इनो यांनी रचलेला विंडोज ९५ चा सुमारे सहा सेकंदांचा आरंभध्वनी, एक्सपीच्या पडद्यावरील हिरवी टेकडी व निळे आकाश ही त्याची उदाहरणे होत. एक्सपीचे हे छायाचित्र चार्ल्स ओरिअर यांनी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातील सोनोमा परगण्यात टिपले होते. महाराष्ट्रात २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे गावोगावच्या केंद्रांतून असंख्य विद्यार्थी, शिक्षक व कर्मचारी यांचा संगणकाशी प्रथम परिचय झाला. या पिढीच्या संगणकविषयक आठवणींत विंडोज ९८ व एक्सपी यांना मोठे स्थान आहे.

तथापि, स्मरणरंजन निवडक असते. विंडोज ९८ मध्ये एका सॉफ्टवेअरच्या बिघाडाने संपूर्ण संगणक बंद पडत असे व न साठविलेले काम वाया जाई. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच या व्हायरसमुळे अनेक देशांतील संगणकांतील माहिती नष्ट झाली. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर या घातक प्रोग्रामने एक्सपी संगणकांना ग्रासले. एक्सपीचा अधिकृत आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. तरीही मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ हल्ल्याच्या वेळी मायक्रोसॉफ्टला त्या प्रणालीसाठी खास दुरुस्ती द्यावी लागली. म्हणजे आधार संपल्यावरही ती प्रणाली वापरात होती. तिच्या या दीर्घ वापराला सवय आणि खर्च ही कारणे होतीच. पण जुनी कामे त्याच प्रणालीत अडकलेली असणे हेही एक महत्त्वाचे कारण होते. मराठीच्या बाबतीत हे कारण विशेष ठळक आहे.

मराठी संगणकीय लेखन आणि जुनी यंत्रे :
संगणकावर भारतीय लिपी आणण्याचे काम आयआयटी कानपूर येथे सुरू झाले व पुढे पुण्यातील सी-डॅक या १९८८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने ते वाढविले. जिस्ट कार्ड हे त्याचे प्रसिद्ध फलित होय. हे कार्ड संगणकात बसविले की डॉसच्या पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटत. त्यामागील इस्की ही संकेतपद्धती १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली. तिच्यात अक्षराला उच्चारानुसार संकेत दिलेला होता. त्यामुळे मजकुराचा क्रम व अर्थ सुरक्षित राहत असे.

विंडोजच्या आगमनानंतर मात्र व्यवहार वेगळ्या दिशेने गेला. विंडोज ९५ व ९८ यांत देवनागरीची अंगभूत सोय नव्हती. त्यामुळे फाँटमधील रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरे, अर्धी व्यंजने, मात्रा व जोडाक्षरांचे तुकडे बसविण्याची युक्ती रूढ झाली. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर रोमन अक्षरांचाच असे. विशिष्ट फाँट लावल्यावर तो मराठी दिसे. ऱ्हस्व इकार उच्चारात व्यंजनानंतर येतो, पण या पद्धतीत तो आधी साठविला जाई. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, सी-डॅकची आयएसएम प्रणाली, आकृती, तसेच किरण व शिवाजी यांसारखे फाँट यांची अंतर्गत रचना परस्परांपासून भिन्न होती. एका फाँटमधील मजकूर दुसऱ्यात अर्थहीन ठरत असे.

मराठी प्रकाशनव्यवसायाने ही पद्धत मनापासून स्वीकारली. शिशाचे खिळे जुळविणाऱ्या कंपोझिटरची जागा डीटीपी ऑपरेटरने घेतली. ‘अक्षरजुळणी’ हा शब्द तेवढा कायम राहिला. पुस्तके, दिवाळी अंक, महाविद्यालयांची नियतकालिके, प्रबंध, लग्नपत्रिका व संस्थांचे अहवाल हे सर्व बहुतांशी पेजमेकरमध्ये तयार होऊ लागले. १९८५ मध्ये आलेल्या पेजमेकरची ७.० ही अखेरची मोठी आवृत्ती २००१ मध्ये निघाली आणि २००४ मध्ये ॲडोबीने त्याचा विकास थांबविला. त्याच्या फायली इनडिझाइनच्या काही आवृत्त्यांत उघडत असत. पुढील आवृत्त्यांतून तीही सोय गेली. मराठी अक्षरजुळणीच्या काही सॉफ्टवेअरसाठी संगणकाला हार्डवेअर लॉक जोडावे लागे. लॉक हरवले, बिघडले किंवा त्याची जोडणीच नव्या संगणकावर नसली, तर विकत घेतलेले सॉफ्टवेअरही निरुपयोगी ठरे. म्हणूनच कित्येक मुद्रणालयांत नव्या संगणकाशेजारी एक जुना संगणक जपून ठेवला गेला. बाहेरच्याला तो जुन्याचा मोह वाटला, तरी चालकाच्या दृष्टीने ते पूर्वीच्या सर्व कामांचे दप्तर होते.

विंडोज २००० पासून युनिकोड देवनागरीची सोय झाली. एक्सपीमध्ये ती स्वतंत्रपणे सुरू करावी लागे. व्हिस्टापासून ती आपोआप मिळू लागली. त्यामुळे नव्या लेखनाचा प्रश्न सुटला. सुमारे १९९० ते २००५ या काळातील लेखनाचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

वाचनीयतेचा प्रश्न :
या प्रश्नाचे गांभीर्य ब्रिटनमधील एका उदाहरणाने स्पष्ट होते. १०८६ मधील ‘डूम्सडे बुक’ या जमीनपाहणीच्या नवशताब्दीनिमित्त बीबीसीने १९८६ मध्ये सुमारे दहा लाख लोकांच्या सहभागातून देशाची माहिती लेझरडिस्कवर संकलित केली. पंधरा-सोळा वर्षांतच ती वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि माहिती वाचविण्यासाठी विद्यापीठीय संशोधकांना जुन्या यंत्राचे कार्य नव्या संगणकावर उभे करावे लागले. नऊशे वर्षांपूर्वीचा मूळ ग्रंथ मात्र वाचनीय आहे.

महाराष्ट्राच्या इतिहासात मोडीचे उदाहरण याच्याशी ताडून पाहता येते. विसाव्या शतकात मोडी व्यवहारातून मागे पडली. पण कागद टिकले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जमविलेल्या कागदपत्रांतून १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे खंड सिद्ध झाले. रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३० च्या दशकात पेशवे दप्तरातील निवडक कागद प्रसिद्ध झाले. माळ्यावरील रुमालात शंभर वर्षे पडलेला कागद लिपी शिकून वाचता आला. दमट हवेत बुरशी धरलेली फ्लॉपी मात्र इतकी वाट पाहत नाही. तिच्यावरील मजकूर मिळाला तरी त्याचा फाँट, सॉफ्टवेअर व प्रणाली यांवाचून तो निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग ठरतो. प्रसिद्ध झालेली पुस्तके छापील रूपात राहतील. परंतु कच्चे खर्डे, अप्रकाशित प्रबंध, संस्थांचे पत्रव्यवहार व फॉक्सप्रोसारख्या डेटाबेसमधील नोंदी यांची छापील प्रत असेलच असे नाही. सामाजिक व आर्थिक इतिहासासाठी नेमकी हीच साधने मोलाची असतात.

जतनाचे मार्ग :
येथे हौशी मंडळींनी केलेले कार्य उपयोगी पडते. जिम हॉल यांनी १९९४ मध्ये सुरू केलेला फ्रीडॉस प्रकल्प, २००२ मध्ये आलेला डॉसबॉक्स हा प्रोग्राम आणि आभासी यंत्राचे तंत्र यांमुळे जुन्या प्रणाली नव्या हार्डवेअरवर चालविता येतात. मायक्रोसॉफ्टने डॉसच्या आरंभीच्या आवृत्त्यांचे मूळ प्रोग्राम २०१४ मध्ये कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियमच्या द्वारे अभ्यासासाठी खुले केले. मराठीसाठी यापुढे आणखी एक पाऊल आवश्यक आहे. मजकुराबरोबर त्याचा फाँट, कळफलकाची मांडणी व सॉफ्टवेअरची आवृत्ती यांची नोंद जपली पाहिजे. जुन्या मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारे प्रोग्राम उपलब्ध आहेत. तथापि रफार, जोडाक्षरे व मध्येच आलेला इंग्रजी मजकूर यांत चुका होत असल्याने छापील प्रतीवरून मुद्रितशोधन करणे आवश्यक ठरते. मूळ फाईल रूपांतरानंतरही नष्ट करू नये.

निष्कर्ष :
१. कार्यप्रणाली व हार्डवेअर यांतील वेगवान बदलांमुळे संगणकीय दस्तऐवजाची वाचनीयता कागदापेक्षा अल्पायुषी ठरली आहे.
२. जुन्या कार्यप्रणालींविषयीचे स्मरणरंजन निवडक असले, तरी त्यातून जुन्या प्रणाली चालविण्याचे ज्ञान टिकून राहिले आहे. त्यामुळे प्रस्तुत गृहीतकास पुष्टी मिळते.
३. युनिकोडपूर्व मराठी मजकूर विशिष्ट फाँट, सॉफ्टवेअर व यंत्र यांच्याशी बांधलेला असल्याने त्याच्या जतनासाठी मूळ यंत्रणेची नोंद अपरिहार्य आहे.
४. जुने संगणक इंटरनेटला न जोडता केवळ वाचनासाठी वापरणे सुरक्षित ठरते.

समारोप :
जुन्या वस्तूंची यादी करून त्या भंगारात काढण्यापूर्वी महाविद्यालयांनी आपल्या संगणकांतील, फ्लॉपींतील व सीडींतील मजकुराची पाहणी करणे गरजेचे आहे. ग्रंथालय, इतिहास विभाग व संगणकशास्त्र विभाग यांनी एकत्र येऊन किमान एक चालू स्थितीतील जुना संगणक व त्याची आभासी प्रत राखल्यास परिसरातील मुद्रणालये, संस्था व लेखक यांच्याकडील साहित्य वाचविता येईल. ज्यांनी श्री-लिपी व आयएसएमवर वर्षानुवर्षे अक्षरजुळणी केली, त्या ऑपरेटरांच्या मुलाखती नोंदविणे हेही तितकेच निकडीचे आहे. कारण कोणत्या फाईलला कोणता फाँट लागतो हे ज्ञान बरेचदा त्यांच्याच स्मरणात आहे. मोडी वाचकांची संख्या घटल्यानंतर त्यांच्या प्रशिक्षणाची गरज महाराष्ट्राला जाणवली. मराठी संगणकीय दस्तऐवजांच्या बाबतीत ही जाणीव वेळेवर होणे इष्ट ठरेल.