ऑनलाइन खेळांची जाहिरात : नफ्याचे गणित आणि कायद्याची चौकट

भ्रमणध्वनीवरील खेळाला खेळाडू मिळवून देण्यासाठी फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब यांवर पैसे मोजून जाहिरात केली जाते. तिचा नफा-तोटा एका साध्या वजाबाकीवर ठरतो. एक खेळाडू आणण्यास किती खर्च आला आणि तो खेळ सोडून जाईपर्यंत त्याच्याकडून किती उत्पन्न मिळाले, या दोन आकड्यांतील फरक म्हणजे जाहिरातदाराचा नफा. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय (स्थापना १९४७) किंवा कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६०) यांतून बाहेर पडणाऱ्या तरुणांना खेळ तयार करणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. अवघड आहे ते खेळाडू मिळवणे आणि टिकवणे.

वृत्तपत्रातील जाहिरातीचा दर स्तंभ-सेंटीमीटरवर आधीच ठरलेला असतो. समाजमाध्यमांवर तसे नाही. वापरकर्त्याने पडदा उघडला की त्या क्षणी जागेचा लिलाव होतो आणि त्यात केवळ मोठी बोली जिंकत नाही. पाहणारा जाहिरातीला प्रतिसाद देईल ही शक्यता किती, आणि जाहिरातीचा दर्जा काय, हेही फेसबुकची यंत्रणा जमेस धरते. त्यामुळे खेळातील खरा प्रसंग पहिल्या दोन-तीन सेकंदांत दाखवणारी, उभ्या चौकटीतील मराठी चित्रफीत तुलनेने कमी पैशांत अधिक लोकांपर्यंत पोहोचू शकते. खेळात नसलेली दृश्ये दाखवून लोकांना ओढण्याची प्रथा जगभर आहे. पण असे फसून आलेले खेळाडू दुसऱ्या दिवशी राहत नाहीत आणि खर्च मात्र झालेला असतो.

हिशेबासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. खाशाबा जाधव हे कराडजवळच्या गोळेश्वरचे. त्यांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले. या मातीत कुस्तीवर बेतलेला खेळ कोणी तयार केला आणि जाहिरातीवर १०,००० रुपये खर्च केले, असे समजू. १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून खर्च ११,८०० रुपये होतो. त्यातून १,००० जणांनी खेळ उतरवून घेतला, तर एक खेळाडू ११ रुपये ८० पैशांना पडला. खेळात दिसणाऱ्या जाहिराती आणि किरकोळ खरेदी मिळून प्रत्येकी सरासरी ६ रुपयेच आले, तर तोटा ५,८०० रुपये. अशा वेळी जाहिरातीचा खर्च दहापट करणे म्हणजे तोटा दहापट करणे होय. आधी खेळात सुधारणा, मग जाहिरात, असा क्रम अनुभवी मंडळी पाळतात तो याचसाठी.

यंत्रणेला उद्दिष्ट कोणते द्यायचे, हा पुढचा प्रश्न. ‘खेळ उतरवून घेणारे लोक आणा’ असे सांगितले तर ती उतरवून घेणारे आणते. खेळणारे आणेलच असे नाही. ‘खरेदी करणारे आणा’ असे सांगणे तर्काला धरून आहे, परंतु यंत्रणेला नीट शिकण्यासाठी आठवड्याला सुमारे ५० घटना लागतात. एक खरेदी ४०० रुपयांना पडत असेल, तर आठवड्याला २०,००० रुपये केवळ शिकण्यात जातात. लहान जाहिरातदाराने म्हणून मधला टप्पा निवडावा; उदाहरणार्थ, पहिल्या पाच कुस्त्या पूर्ण करणारा खेळाडू.

ठिकाणाची निवड दिसते तितकी सरळ नाही. सांगलीभोवती ५० किलोमीटरचा परीघ आखला की त्यात इचलकरंजी आणि कर्नाटकातील कागवाडही येते. उलट खानापूर-आटपाडीचे गलाई व्यावसायिक देशभर पांगलेले आहेत, जावळी-पाटणचे असंख्य लोक मुंबई-नवी मुंबईत आहेत, आणि जतच्या पूर्व भागात कन्नड बोलली जाते. सातारा-सांगलीच्या माणसाला गाठायचे तर नकाशापेक्षा भाषा आणि आवड यांचा उपयोग अधिक होतो.

हे सर्व गणित अनेक वर्षे एका वेगळ्याच कारणाने बिघडलेले होते. रमी आणि काल्पनिक क्रिकेट संघांच्या कंपन्यांना एक खेळाडू हजारो रुपये भरणारा मिळू शकत असे. त्यामुळे त्याच्यासाठी शेकडो रुपये मोजणेही त्यांना परवडे. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना असलेली सूट हा अशा युक्तिवादांचा जुना आधार. जाहिरात मानक परिषदेने डिसेंबर २०२० पासून अशा जाहिरातींत आर्थिक जोखमीचा इशारा बंधनकारक केला आणि खेळ हे उपजीविकेचे साधन म्हणून दाखवण्यास मनाई केली. २०२३ मध्ये भारतीय क्रिकेट संघाच्या गणवेशावर ‘ड्रीम ११’चे नाव आले, ते ऑगस्ट २०२५ मध्ये उतरले.

त्याच महिन्यात संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयक कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्यावर स्वाक्षरी केली. पैसे लावून, जिंकण्याच्या आशेने खेळला जाणारा खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद या कायद्याने निरर्थक ठरवला. अशा खेळाची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ‘जाहिरात करणारा’ म्हणजे केवळ कंपनी नव्हे. गावच्या यात्रेच्या चित्रफिती टाकून हजारो अनुयायी मिळवलेला आणि चार पैशांसाठी एखाद्या रमीचा दुवा आपल्या पानावर ठेवणारा तरुणही त्यात येऊ शकतो. कंपनीकडे वकिलांची फौज असते, त्याच्याकडे नसते. जोखीम सर्वांत कमी कळते ती यालाच.

ई-क्रीडा आणि सामाजिक खेळ यांना कायद्याने मोकळीक दिली आहे. प्रवेशशुल्क किंवा वर्गणी घेता येते, मात्र ती पणाला लावलेली रक्कम नसावी. मल्लाचा लंगोट वा आखाड्याची सजावट विकणे यात बसते. परत रोख होणारी नाणी विकणे बसत नाही. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा २०१६ सालचा ‘लुडो किंग’ टाळेबंदीत घरोघरी पोहोचला तो पैसे न लावता खेळता येणारा खेळ म्हणूनच. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांना लक्ष्य करून जाहिरात करण्यास मनाई करणारे कलम आहे, त्यामुळे खेळ शाळकरी मुलांचा असला तरी जाहिरात पालकांना दाखवावी लागते, आणि पालकाला पटेल असे त्या जाहिरातीत काय ठेवायचे, हे काम मुलांना भुलवण्याहून कठीण आहे.